उंबऱ्यावरचं पाणी

शेट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फर्डिनंड शेट मिठागरावर आले. चपला हातात, छत्री काखेत. बांध अजून ओला होता, पाय घसरत होते. नथू आणि त्याची बायको बायजा आतल्या वाफ्यांच्या कडा सारख्या करत होती. दोघांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

शेट बाहेरच्या बांधापाशी थांबले. खाडीनं पावसाळाभर तो बांध खालून कुरतडला होता. एका जागी तो कमरेएवढाच उरला होता. अजून एक मोठं उधाण त्यानं सोसलं असतं. दोन नसती सोसली.

शेट खाडीकडे बघत बोलले, "आगर यंदाही तुझंच, नथू. मिठाचा वाटा नेहमीचाच. पण बाहेरचा बांध तुम्ही घालायचा. त्याची मजुरी मागायची नाही."

नथूनं फावड्याचा चिखल अंगठ्यानं निपटला.

"बांध वाकलाय खरा," तो म्हणाला.

शेट थोडा वेळ उभे राहिले आणि माणिकपूरला परत गेले. उत्तर मिळालं नाही म्हणून ते चिडले नाहीत. त्यांनी उत्तर मागितलंही नव्हतं.

उत्तर

त्या पट्ट्यात शेटला तोंडानं होकार देत नसत. 'मीठ पडायच्या आधी टोपली डोक्यावर' असं म्हणून लोक हसले असते.

प्रत्येक आगराला खाडीच्या बाजूनं एक उघाडी असते. दोन बाजूंना दगडी खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या, तळाशी दगडाचा उंबरा. कोजागिरीच्या दुपारी खाडीला उधाण येतं. ज्या घराला हंगाम करायचा असेल ते घर त्या वेळी फळ्या उपसतं. पाणी उंबऱ्यावरून आत येतं. त्या पाण्यात गेल्या सालचं मूठभर मीठ टाकतात. भरती टेकली, पाणी चढायचं थांबलं, की फळ्या परत बसवतात, फटींत चिकणमाती भरतात, आणि पाणी आत राहतं. हंगाम नको असेल तर फळ्यांना हात लावत नाहीत. संध्याकाळी मुकादम येऊन बघतो आणि शेटला सांगतो. कुणी कुणाला नाही म्हणत नाही. त्यामुळे कुणाचं तोंड वाईट होत नाही.

नथूच्या बापानं असंच केलं होतं. नथूनंही लग्न झाल्यापासून दर साली असंच केलं होतं.

पाय

नथूच्या डाव्या टाचेत कालवाचा शिंपला घुसला होता. गणपतीपासून जखम उघडी होती. खाऱ्या चिखलात काम करणाऱ्याची जखम भरत नाही, तिच्या कडा फक्त पांढऱ्या होतात. बायजा रात्री हळद दाबून चिंधी बांधायची. सकाळी चिंधी चिखलात जायची.

नथूचा धाकटा भाऊ काशीराम त्यांच्यातच राहत होता. अंगानं तो दोघांएवढा होता आणि काम दीड माणसाचं करायचा. यंदा त्याचं लक्ष गोखिवऱ्याकडे होतं. तिकडे भातशेतांत पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. एका शेडमध्ये तेलाचे डबे बनायचे.

"दादूस, कंपनीत सावली हाय," काशीराम जेवताना म्हणाला. "वर पंखा पन हाय."

"पंखा तुला का डब्यांना?" बायजानं विचारलं.

"वयनी, तू हस. पाय तरी सुका राहील त्याचा. टाच बघ, आतलं हाड दिसंल आता."

"बांध फुकट घालायचा म्हनतो शेट," नथू म्हणाला.

"तेच तर. फुकट बांध घाला, मग मीठ काढा, मग पाऊस आला की परत बांध. राहू दे या साली फळ्या."

बायजानं भाताच्या टोपात पळी आपटली. "आनि ते वाफे? ती जमीन आपल्या टाचांनी बसलीय. तुडवून तुडवून माझ्या सासूचं कंबरडं गेलं. दुसरा कोन येईल आनि आमच्या टाचांवर मीठ पिकवंल?"

"टाचा काय तिथंच ठेवल्यात तू?" काशीराम म्हणाला.

"हो, तिथंच ठेवल्यात."

दोघांनी नथूकडे बघितलं.

"बघू," नथू म्हणाला.

बायजा ताटं उचलायला लागली. जे करायचं असेल त्यासाठी नथू सरळ उठायचा. जे करायचं नसेल त्याला बघू म्हणायचा. बघू म्हणून केलेलं काम तिनं या घरात एकही पाहिलं नव्हतं.

कोजागिरी

सकाळी दोघे भाऊ गोखिवऱ्याला निघाले. कंपनीच्या वॉचमननं काशीरामला सांगितलं होतं, आज सुपरवायझर माणसं बघणार आहे. नथूनं धुतलेला सदरा घातला. टाचेवर नवी चिंधी होती. तो पायाच्या पुढच्या भागावर भार देऊन, एका अंगानं कलत चालायचा.

"उधान दुपारचं हाय," बायजा म्हणाली.

"म्हाइत हाय."

"फळ्या?"

"आल्यावर बघू."

ती वाफ्यांच्या कडा थापत राहिली. ऊन चढलं. खाडीचं पाणी खाजणातल्या झुडपांच्या मुळांत शिरलं, मग झुडपांच्या कमरेला लागलं. शेजारच्या आगरांवर माणसं जमली. एकीकडे नारळ फुटल्याचा आवाज आला. मग एकेक करून उघाड्या मोकळ्या झाल्या आणि बांधापलीकडून पाण्याचा घोष येऊ लागला.

बायजानं बांधावर जाऊन वाट बघितली. वाट मोकळी होती. ती परत आली. पाणी वरच्या फळीला लागलं होतं.

उघाडीवर बाईनं हात घालायचा नाही असं कुणी म्हणत नसे. घालायची वेळ कुठल्या बाईवर आली नव्हती, एवढंच.

तिनं साडीचा काचा मारला आणि ती उघाडीत उतरली. पहिली फळी सहज निघाली. दुसरीला पाण्याचा रेटा होता. तिनं पाठ दगडाला लावली, दोन्ही पाय समोरच्या दगडाला दिले आणि फळी खालून वर ओढली. बोटांची नखं उलटी झाली. फळी निघाली तशी ती पाण्यात बसली. नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्या फळीच्या वेळी तिनं पहार आणली. आता उंबऱ्यावरची एकच उरली होती. पाणी तिच्यावरून वाहत होतं, पण उंबरा अजून झाकलेला होता.

तिनं मान वर केली. बांधावरून माणूस येत होता.

तिनं पहार फळीखाली घातली आणि सगळं अंग पहारीवर टाकलं.

मुकादम सॅन्टनचं म्हणणं

"शेट, तुम्ही मला सकाळीच पाठवलंत. म्हणालात, भाईंदरकडचा ठेकेदार आला होता, बाहेरचा बांध तो आपल्या माणसांनी घालून देतो म्हणतो, आगर त्याला दिलं. नथूला सांग, उघाडी उघडू नकोस. मी लगेच निघालो. आता वाटेत उमेळ्याला च्या प्यालो ते खरं. च्या पिऊ नये काय मुकादमानं? मग सायकलची चेन पडली. ती बसवली तर परत पडली. मग मीच पडलो. हा गुडघा बघा. सायकल तिथंच बांधाच्या तोंडाला टाकली आणि लंगडत निघालो. लांबूनच मी हात केला. ओरडलो पण, बायजाबाय, थांब, थांब! तिनं ऐकलं नाही. पोचलो तर पाणी आतल्या वाफ्यात फिरत होतं. मी म्हटलं, शेटनी आगर दुसऱ्याला दिलं, फळ्या घाल. ती म्हणाली, तूच घाल. मी एक घालून बघितली. फळी गेली वाहून आणि माझी एक चप्पलही गेली. मग मी म्हटलं, बरं, असू दे उघडं, ओहोटीबरोबर पाणी जाईल, काही झालंच नाही असं धरू. तर ही बाई तिथंच बसून राहिली. भरती टेकल्यावर माझ्या डोळ्यांदेखत फळ्या बसवल्या आणि माती भरली. मी नको नको म्हणतोय, ही भरतेय. आता तुम्हीच सांगा."

बायजाचं म्हणणं

"कोनतरी येताना दिसला. ओरडला आसंल. पान्याच्या आवाजात काय ऐकू येनार? तो इथं येऊन बोलला तवा पानी उंबऱ्यावरनं आत होतं. मीठ पन टाकलं होतं मी. त्याची फळी मीच पोहून आनली. चप्पल नाय घावली."

पाण्याचं म्हणणं

पाण्याला कुणी विचारलं नाही.

ओटी

हे बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकपूरला शेटच्या घरी झालं. शेट ओटीवर आरामखुर्चीत होते. त्यांचा भाचा प्लासिड मुंबईत वकिली शिकत होता, सुट्टीला आला होता, तो पायरीवर बसला होता. सॅन्टन गुडघ्याला पट्टी बांधून खांबाला टेकला होता. नथू आणि बायजा खाली अंगणात उभी होती. काशीराम आला नव्हता. कंपनीनं त्याला त्याच दिवसापासून घेतलं होतं. नथूलाही ये म्हणाले होते. नथू सुपरवायझरलाही बघू म्हणाला होता.

अंगण नुकतंच सारवलं होतं. नथूच्या टाचेतून त्यावर रक्ताचा ठिपका पडला. शेटच्या बायकोनं, हिल्डाबाईनं, आतून चिमूटभर राख आणली आणि त्या ठिपक्यावर टाकली. नथू एक पाऊल सरकला. तिथं दुसरा ठिपका पडला. हिल्डाबाई परत राख आणायला गेली.

"हे बघ नथू," शेट म्हणाले, "उघाडी उघडली म्हणजे काय झालं? पाणी आलं. पाणी काय, येतं आणि जातं. फळ्या बसवून पाणी राखलं म्हणजे आगर घेतलं. आणि फळ्या बसवायच्या आधी सॅन्टननं माझा निरोप सांगितला होता. बरोबर?"

"सांगितला होता," सॅन्टन म्हणाला.

"मग माझं बोलणं मी आधीच मागं घेतलं. काय रे प्लासिड? तुमच्या पुस्तकात काय आहे?"

प्लासिडनं पायरीवरची मुंगी बोटानं उडवली. "मामा, बोलून दाखवलेली गोष्ट समोरच्यानं स्वीकारायच्या आधी मागं घेता येते. स्वीकारल्यावर नाही. आणि तोंडानं स्वीकारायची रीतच नसेल, काम करूनच स्वीकारायचं असेल, तर ते काम झालं की झालं. तुम्हाला कळलं की नाही, याला अर्थ नाही."

"काम झालं की. म्हणजे फळ्या बसवल्यावरच ना?"

"ते पुस्तकात नाही. काम उघडल्यावर होतं की बसवल्यावर, ते ज्यांची रीत त्यांनाच विचारायला पाहिजे. आणि मामा, एकदा झालं की दोघंही बांधले जातात. त्यांनासुद्धा मग सोडून जाता येत नाही."

"तू आत जाऊन नाष्टा कर," शेट म्हणाले.

प्लासिड हसला. उठला मात्र नाही.

शेटनी खुर्ची थोडी पुढं ओढली. आवाज खाली आणला. "नथू, तू तिथं नव्हतास. उघाडी तू उघडली नाहीस. मला कळलंय तू कुठं होतास. कंपनीत बरं चाललं असेल तर चांगलंच आहे. पाय बघ तुझा. तू एवढंच म्हण, की बायकोनं तुला न विचारता केलं. मग हा विषयच नाही. ठेकेदार ठेकेदाराचं बघेल, तू तुझं बघ. आणि हिला काम हवं असेल तर ठेकेदाराकडे मी शब्द टाकतो, टोपल्या उचलायला घेईल."

शेट खोटं बोलत नव्हते. हा रस्ता खरोखर मोकळा होता. नथूनं तोंड उघडलं असतं तर सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं. कंपनीचा दरवाजा त्यानं काल बघितला होता. आत सिमेंटची जमीन होती, कोरडी, झाडलेली.

त्यानं बायजाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं हात पदराखाली घेतले होते. पदराला आतून लाल डाग आले होते.

"उघाडी घरानं उघडली, शेट," नथू म्हणाला.

"म्हणजे कुणी?"

"घरानं."

सॅन्टननं खांब सोडला. "अरे पण बसवायच्या आधी मी-"

"सॅन्टनदादा, थांब जरा." नथूचा आवाज चढला नव्हता. "शेट, एक इचारतो. तुमच्या वडलांच्या वक्ताला, मोठं वादळ झालं त्या साली, आमच्या बापसानं उघाडी उघडली होती. पानी आत आलं. फळ्या बसवायच्या आधीच आतला बांध फुटला आनि सगलं पानी परत खाडीत गेलं. तुमाला याद हाय?"

शेट खुर्चीत मागं टेकले.

"बापूस इथं आला. मी पन होतो, तुमी पन इथंच बसलेले, ओटीच्या कडंला. बापूस म्हनला, पानी राहिलं नाय, मना सोडा, मी भिवंडीकडं भात कापायला जातो. तवा तुमचं वडील काय म्हनले?"

हिल्डाबाई दारात राख घेऊन थांबली.

"काय म्हणाले?" प्लासिडनं विचारलं.

"ते शेट सांगतील."

शेटनी खुर्चीच्या हातावरची सोलवटलेली वेताची काडी ओढून काढली. ती बोटांत फिरवली.

"म्हणाले, पाणी उंबऱ्यावरून आलं म्हणजे आलं. राहिलं की गेलं ते मला सांगू नकोस."

"त्या साली बापूस बांधच घालत राहिला," नथू म्हणाला. "मीठ पडलंच नाय. पन तो सोडून गेला नाय. जाता येत नव्हतं."

मागच्या वाडीत रहाट फिरत होता, त्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

"ठेकेदाराला मी शब्द दिलाय," शेट शेवटी म्हणाले. ते कुणालाच उद्देशून नव्हतं.

"आणि नथूला, मामा?" प्लासिडनं विचारलं. "त्याला तर ठेकेदाराच्याही आधी दिला होता."

"तू नाष्टा कर म्हटलं ना!"

शेट उठले. आत गेले. पाणी पिऊन परत आले. उभ्यानंच म्हणाले, "ठीक. बाबांचा शब्द तो माझा शब्द. आगर तुझं. पण ऐक नथू. बाहेरचा बांध पण तुझा. काशीराम नाही, पाय दुखतो, हे मला पुढच्या महिन्यात ऐकायचं नाही. पाणी उंबऱ्यावरून आलंय."

"आलंय," नथू म्हणाला.

हिल्डाबाईनं दुसऱ्या ठिपक्यावर राख टाकली.

वाट

दोघं परत निघाली. नथू पुढं होता, कलत चालत होता. बायजा मागून त्याच्या टाचेकडे बघत होती.

बांध

बांधाचं काम ओहोटीलाच होतं. भरती सरली की नथू खाडीच्या अंगाला चिखलात उतरायचा, कुदळीनं निळसर मातीचे गोळे कापायचा आणि वर द्यायचा. बायजा वरून घ्यायची, बसवायची, टाचेनं दाबायची. पूर्वी या कामाला तीन माणसं होती. एक कापायचा, एक झेलायचा, एक बसवायचा. आता मधला नव्हता. नथूला गोळा छातीपर्यंत उचलून दोन पावलं चढायला लागायची. दर भरतीला नव्या मातीतली थोडी धुऊन जायची. दुसऱ्या ओहोटीला आधी तेवढीच परत घालावी लागायची, मग पुढं सरकता यायचं.

रविवारी काशीराम आला. त्याच्या पायात बूट होते, म्हणून तो बांधावर आला नाही. लांबूनच म्हणाला, "दादूस, अजून एक जागा हाय. सुपरवायझर इचारत होता."

"त्याला सांग, पानी घेतलंय," नथू म्हणाला.

"त्याला काय कळनार पानी घेतलंय म्हंजे?"

"मग नको सांगू."

काशीरामनं कंपनीतून आणलेला रिकामा डबा बांधाच्या तोंडाशी ठेवला आणि तो गेला. डबा चांगला होता, झाकणाचा. बायजानं त्यात मीठ ठेवायचं ठरवलं.

दिवाळीच्या सुमारास कमरेएवढी जागा खांद्यापर्यंत आली. त्या दिवशी ओहोटी लांब होती. नथूनं एक गोळा वर दिला आणि कुदळीला टेकून उभा राहिला. चिखल त्याच्या मांडीपर्यंत होता, टाच दिसत नव्हती.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "सॅन्टन बांधावर दिसला तवा किती फळ्या उरल्या होत्या?"

बायजा गोळा दाबत होती. "एक. उंबऱ्यावरची."

"मग थांबायचं. येतोय कोन, सांगतोय काय, ऐकायचं. ती काढायची घाई कशाला केली?"

"सॅन्टन हाय ते कुठं कळलं? सायकल नव्हती त्याच्यासंगती. ऊन पान्यावर चमकत होतं. मानूस तेवढा दिसला. लंगडत येत होता."

नथूनं कुदळ चिखलातून उपसली.

"मना वाटलं, तुमी येताव," बायजा म्हणाली.

खाडीत एक मचवा चालला होता. त्याच्यामागून उठलेली लाट किनाऱ्याला आली, नथूच्या मांडीला लागली आणि परत गेली.

"मी आलो आसतो तर काय बोललो आसतो, तुला काय म्हाइत?"

"म्हाइत होतं. बघू म्हनला आसता."

नथूनं खाली वाकून कुदळ मारली. माती कापली, हातानं सोडवली, दोन्ही हातांवर घेतली. हा गोळा आधीच्यांपेक्षा मोठा होता. तो छातीशी धरून नथू एक पाऊल चढला, मग दुसरं. बायजा बांधावर उकिडवी बसून, हात पुढं करून होती.